फॉरमॅट न मारता

घरातला संगणक रुसला की आपल्याकडे बहुधा एकच औषध सांगितले जाते, ते म्हणजे फॉरमॅट, डिस्क पुसून सगळे नव्याने बसवणे. आवाज येत नाही, फॉरमॅट मारा. प्रिंटर चालत नाही, फॉरमॅट मारा. दुकानातला मुलगाही "काका, फाइली तेवढ्या काढून ठेवा, संध्याकाळपर्यंत मारून देतो" असेच म्हणतो, आणि त्याचे फारसे चुकते असेही नाही, कारण त्याला दिवसाकाठी अनेक यंत्रे मार्गी लावायची असतात आणि प्रत्येक बिघाडाचे मूळ शोधत बसणे त्याला परवडणारे नसते. घरच्या माणसाला मात्र ते परवडते. आमच्या साताऱ्याच्या घरातील संगणकावर लिनक्स मिंट ही विंडोजला पर्याय असणारी संगणकप्रणाली बसवल्यानंतर ज्या लहानमोठ्या अडचणी आल्या, त्यांपैकी एकीसाठीही फॉरमॅट मारावा लागला नाही. त्या कशा सुटल्या, आणि एक कशी अर्धवटच सुटली, त्याचा हा वृत्तान्त आहे. मी संगणक क्षेत्रातला नाही. एका पतसंस्थेत हिशेबाचे काम करतो.

यंत्र जुने आहे. सहाव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर, ८ जीबी रॅम, १२० जीबीची एसएसडी आणि फोटो व कागदपत्रांसाठी १ टीबीची हार्ड डिस्क. विंडोज १० ची नियमित सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर व टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागत असल्यामुळे तो रस्ता आमच्यासाठी बंदच होता. लिनक्स मिंट २२ ही आवृत्ती उबुंटू या दुसऱ्या लिनक्स प्रणालीच्या २४.०४ आवृत्तीवर आधारलेली आहे आणि तिला २०२९ पर्यंत अद्यतने मिळणार आहेत, हे तिच्या बाजूचे मोठे कारण ठरले. शिवाय ती पेनड्राइव्हवरून, काहीही न बसवता, चालवून पाहता येते. वायफाय, आवाज, पडद्याचे रेझोल्यूशन आणि शक्य असल्यास प्रिंटर एवढे त्या चाचणीत तपासून घेतले की पुढचा निम्मा त्रास वाचतो. पत्नीचे हिशेबाचे एक सॉफ्टवेअर विंडोजवरच चालत असल्यामुळे एसएसडीचे दोन भाग करून दोन्ही प्रणाली ठेवल्या. लिनक्सच्या वाट्याला त्यामुळे ४५ जीबीच्या आसपास जागा आली. हा आकडा पुढे महत्त्वाचा ठरला.

पहिली तक्रार लिनक्सवर नव्हे, विंडोजवर आली. पत्नीच्या बिलांवर चुकीची वेळ पडू लागली. सकाळी अकरा वाजता केलेल्या बिलावर साडेपाचची वेळ होती. घड्याळ बिघडले म्हणावे तर चूक दरवेळी नेमकी साडेपाच तासांचीच होती, आणि या आकड्यातच कारण दडलेले होते. भारतीय प्रमाणवेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. मदरबोर्डवर एक घड्याळ असते, जे यंत्र बंद असतानाही एका छोट्या सेलवर चालू राहते. लिनक्स त्या घड्याळात जागतिक वेळ लिहून ठेवते आणि पडद्यावर दाखवताना तीत साडेपाच तास मिळवते; विंडोज मात्र त्या घड्याळात स्थानिक वेळच आहे असे धरून चालते. दोघांनी एकच घड्याळ वापरले की एक प्रणाली दुसरीचा घोटाळा करते, आणि इंटरनेटवरून वेळ जुळेपर्यंत तो तसाच राहतो. उपाय दोन आहेत. लिनक्सला स्थानिक वेळ लिहायला सांगता येते, पण तसे सांगितल्यावर ती स्वतःच इशारा देते की या पद्धतीत पुढे अडचणी येऊ शकतात. म्हणून मी दुसरा मार्ग धरला आणि विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे तिच्या अंतर्गत सेटिंगांच्या वहीत, "रिअल टाइम इज युनिव्हर्सल" ही नोंद घालून तिलाच जागतिक वेळ वाचायला लावली. त्यानंतर दोन्हीकडची वेळ जुळली.

दोन प्रणालींच्या सहवासातून आलेली दुसरी अडचण हार्ड डिस्कची होती. तिच्यावर फाइली साठवण्याची पद्धत विंडोजची, एनटीएफएस नावाची, आहे. लिनक्समध्ये ती कधी नीट उघडे, कधी केवळ वाचण्यापुरती उघडे आणि कधी उघडायलाच नकार देई, आणि मुलगी म्हणे, "बाबा, माझा प्रोजेक्ट सेव्हच होत नाही." नकाराचा संदेश शांतपणे वाचला, तेव्हा त्यात विंडोज हायबरनेट अवस्थेत असल्याचा स्पष्ट उल्लेख होता. विंडोजमध्ये "फास्ट स्टार्टअप" नावाची सोय असते. ती चालू असताना "शट डाउन" म्हटले तरी यंत्र पूर्ण बंद होत नाही, प्रणालीचा गाभा डिस्कवर जतन करून ठेवला जातो आणि डिस्क अर्ध्या कामात असल्याची खूण तशीच राहते. अशा डिस्कवर लिहिले तर विदा (डेटा) बिघडू शकतो, म्हणून लिनक्स हात आखडता घेते. म्हणजे ज्याला आपण बिघाड समजत होतो ती खरे तर खबरदारी होती. विंडोजच्या वीजविषयक सेटिंगमध्ये जाऊन ती सोय बंद केली आणि प्रश्न मिटला. डिस्क कधी उघडे आणि कधी नाही याचे कोडेही उलगडले, कारण ज्या दिवशी पत्नीने विंडोज वापरलेले असे त्याच दिवशी ती अडे.

या सगळ्यांत जी अडचण मला सर्वांत बोधप्रद वाटली ती वडिलांच्या पासवर्डची. एका सकाळी त्यांनी आतून हाक मारली, "अरे, हा माझा पासवर्डच घेत नाही रे आज." मी पाहिले तर पासवर्ड टाकून एंटर दाबल्यावर पडदा क्षणभर काळा होत होता आणि पुन्हा तीच पासवर्ड मागणारी चौकट समोर येत होती. येथे थोडे थांबून पाहणे उपयोगी पडले. पासवर्ड चुकला की ती चौकट तसे सांगते. येथे तसा काहीच संदेश नव्हता. याचा अर्थ पासवर्ड स्वीकारला जात होता आणि त्याच्या पुढची पायरी कोसळत होती. खात्री करून घेण्यासाठी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ या कळा एकत्र दाबल्या. त्यासरशी चित्रमय पडदा बाजूला होतो आणि केवळ अक्षरांचा काळा कन्सोल येतो. तेथे तोच पासवर्ड निमूटपणे चालला.

मग जागेची चौकशी केली. "डीएफ" ही आज्ञा कोणत्या विभागात किती जागा उरली ते सांगते, आणि लिनक्सच्या विभागापुढे तिने १०० टक्के हा आकडा दाखवला. चित्रमय सत्र सुरू होताना वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये एक चिमुकली फाइल लिहावी लागते. तेवढीही जागा नसेल तर सत्र उघडते, अडखळते आणि बंद होते, आणि समोर बसलेल्या माणसाला वाटते की पासवर्ड नाकारला गेला. लक्षण एका खोलीत आणि कारण भलत्याच खोलीत, असा हा प्रकार. जागा कोणी खाल्ली हे पाहण्यासाठी "डीयू" ही दुसरी आज्ञा वापरून मोठ्या फोल्डरांपासून आत आत जात गेलो. दोन खादाड सापडले. एक टाइमशिफ्ट, ज्याच्या साहाय्याने प्रणालीच्या जुन्या स्थिती जतन केल्या जातात; त्या एसएसडीच्या त्याच भागात साठत होत्या. दुसरा अनपेक्षित होता. प्रणालीच्या लॉगच्या, म्हणजे घडामोडींच्या नोंदींच्या, फाइली, ज्या एरवी काही एमबींच्या असतात, त्या अनेक जीबींच्या झाल्या होत्या.

लॉगचे शेवटचे काही भाग उघडले तर एकच मजकूर सेकंदाला अनेकदा लिहिला जात होता. पीसीआय एक्स्प्रेस बसवर, म्हणजे कार्डे मदरबोर्डला जोडणाऱ्या मार्गावर, त्रुटी आली, ती सुधारण्यात आली. पुन्हा आली, पुन्हा सुधारण्यात आली. त्रुटी किरकोळ होती आणि यंत्र ती आपली आपण निस्तरतही होते, पण प्रत्येक वेळी इमाने इतबारे तिची नोंदही करत होते, तीही दोन वेगवेगळ्या फाइलींत. या फाइली मागे टाकून नव्या सुरू करण्याची व्यवस्था आठवड्यातून एकदा चालते, आणि मधल्या काळात त्या कितीही फुगू शकतात. ४५ जीबीच्या घरात तेवढे पुरेसे झाले.

तातडीचा उपाय म्हणून त्या फाइली रिकाम्या केल्या. येथे एक बारकावा सांगण्यासारखा आहे. अशी फाइल पुसून टाकली तरी जागा लगेच मोकळी होत नाही, कारण नोंद करणारा कार्यक्रम ती अजून उघडून बसलेला असतो आणि तो ती सोडेपर्यंत डिस्क ती जागा राखूनच ठेवते. म्हणून फाइल न पुसता तिची लांबी शून्य करणारी "ट्रंकेट" ही आज्ञा वापरावी. तेवढे करून कंट्रोल, ऑल्ट आणि एफ७ दाबून चित्रमय पडद्यावर परतल्यावर वडिलांचा पासवर्ड "चालू" झाला आणि त्यांनी ई-पेपर उघडला. कायमचा उपाय शोधायला संध्याकाळ लागली. नोंदीत दिलेल्या क्रमांकावरून त्रुटी वायफाय कार्डाच्या जोडणीतून येत असल्याचे कळले. यावर सहज मिळणारा सल्ला म्हणजे अशा त्रुटींची नोंदच बंद करण्याची सूचना कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, देणे. तो मला पटला नाही. तक्रार करणाऱ्याचे तोंड दाबण्याने तक्रार मिटत नाही. या जोडणीत काम नसताना वीज वाचवण्यासाठी एएसपीएम नावाचे तंत्र वापरले जाते आणि काही मदरबोर्ड व कार्डांच्या जोडीला ते मानवत नाही. भिंतीतल्या विजेवर चालणाऱ्या घरच्या संगणकात त्या बचतीचे महत्त्व नगण्य आहे. यंत्र सुरू होताना कोणती प्रणाली उघडायची ते विचारणाऱ्या ग्रबच्या यादीत "ई" कळ दाबून ते तंत्र तेवढ्या एका वेळेपुरते बंद करून पाहता येते. तसे पाहिले, लॉग शांत राहिला, आणि मगच ग्रबच्या मूळ फाइलीत तो बदल कायम केला. टाइमशिफ्टलाही हार्ड डिस्कवर हलवले, पण त्याला लिनक्सच्या पद्धतीचाच विभाग लागतो, एनटीएफएस चालत नाही, म्हणून त्या डिस्कचा एक तुकडा वेगळा काढून तो एक्स्ट४ करावा लागला.

आवाजाची तक्रार त्या मानाने अगदीच किरकोळ निघाली. मॉनिटर एचडीएमआय केबलने जोडलेला असल्यामुळे आवाज त्याच्याकडे जात होता आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नाहीत. पॅनेलवरील आवाजाच्या चिन्हात जाऊन बाहेर जाण्याचा मार्ग बदलला की झाले.

प्रिंटरबद्दल मात्र थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण घरातील सर्वांत जास्त चिडचिड त्याच्याभोवती होत असे. आमचा लेझर प्रिंटर जुना आहे आणि त्याची रीत अशी की बंद केला की तो स्वतःचे फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारे आतले सॉफ्टवेअर, विसरतो. सुरू केल्यावर दरवेळी संगणकाने ते त्याला पुन्हा पाठवावे लागते. ते पाठवणारा पूरक भाग निर्मात्याने खुला केलेला नाही, म्हणून तो मिंटच्या भांडारातून येत नाही, वेगळा उतरवून घ्यावा लागतो, आणि त्याची आवृत्ती प्रिंटरच्या मुख्य सॉफ्टवेअरच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळावी लागते. अद्यतनात मुख्य सॉफ्टवेअर पुढे गेले आणि हा भाग मागे राहिला की छपाई थांबते. हे एकदा कळल्यावर उपाय दोन मिनिटांचा आहे, पण कळेपर्यंत प्रिंटरच गेला असे वाटते. येथे आठवण होते ती रिचर्ड स्टॉलमन यांची. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेतील लेझर प्रिंटरच्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड, म्हणजे त्याची मूळ संहिता, त्यांना मिळाली नाही, त्यामुळे कागद अडकल्याची सूचना देणारी सोय त्यांना त्यात घालता आली नाही, आणि कोणालाही वाचता व बदलता येईल अशा मुक्त सॉफ्टवेअरच्या त्यांच्या चळवळीमागील एक अनुभव म्हणून ते ही हकीकत सांगत आले आहेत. मुक्त संगणकप्रणाली घडवण्याच्या ग्नू प्रकल्पाची घोषणा त्यांनी १९८३ मध्ये केली. इतकी वर्षे लोटली तरी आमच्या घरात लिनक्सच्या वाटेतला बंद दरवाजा प्रिंटरचाच निघावा, हा योगायोग मला गमतीचा वाटतो.

प्रिंटरचा दुसरा त्रास वीज जाण्याशी जोडलेला होता. छपाई चालू असताना वीज गेली की परत आल्यावर सगळे नीट दिसे, पण काहीही छापले जात नसे. मुलगी पुन्हा पुन्हा छापण्याची आज्ञा देई आणि कामे निमूटपणे रांगेत साचत. लिनक्समध्ये छपाईचे काम कप्स नावाची व्यवस्था पाहते आणि तिचे स्वतःचे पान ब्राउझरमध्ये आपल्याच यंत्राच्या ६३१ क्रमांकाच्या पोर्टवर उघडते. तेथे प्रिंटरच्या नावापुढे "पॉज्ड" असे लिहिलेले होते. त्रुटी आली तर काय करायचे याचे धोरण प्रत्येक प्रिंटरसाठी तेथे ठरवलेले असते, आणि आमच्याकडे ते "स्टॉप प्रिंटर" असे होते; म्हणजे एकदा अडथळा आला की कोणी हाताने "रिझ्यूम" म्हणेपर्यंत रांग थांबलेलीच. ते बदलून काम पुन्हा करून पाहण्याचे धोरण निवडले. साचलेली सगळी कामे तेव्हा एकदम सुटू नयेत म्हणून आधी रांग रिकामी करावी, नाहीतर एकाच प्रकल्पाच्या प्रती ट्रेमधून खाली सांडत राहतात.

राहता राहिला मराठीचा विषय. वडील निवृत्त शिक्षक आहेत आणि त्यांचे टंकलेखन इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कीबोर्ड मांडणीवर चालते. मुलगी रोमन अक्षरांतून ध्वनीप्रमाणे लिहिते. दोघांसाठी आयबस ही निवेशपद्धती, म्हणजे कळांवरून मराठी अक्षरे उमटवणारी व्यवस्था, निवडली आणि तिच्यातच इनस्क्रिप्ट व फोनेटिक दोन्ही घेतले. मिंटच्या आमच्या आवृत्तीत कीबोर्डची मांडणी एका ठिकाणी आणि निवेशपद्धती दुसऱ्या ठिकाणी ठरवावी लागते. दोन्हीकडे मराठी निवडली तर एकमेकींवर कुरघोडी होते, म्हणून कीबोर्डकडे केवळ इंग्रजी ठेवून मराठी सर्वस्वी आयबसकडे सोपवणे सोयीचे पडते. निवड केल्यावर एकदा बाहेर पडून पुन्हा आत यावे लागते, तोवर ती लागू होत नाही.

मुलीने लिहिलेल्या निबंधात आजोबांना "कर्हाड" दिसले आणि ते नाराज झाले. कऱ्हाडमधला अर्धा र रफार होऊन ह च्या डोक्यावर बसला होता. त्यांच्या इनस्क्रिप्टमध्ये शिफ्टसह "जे" ही कळ दाबली की नुक्त्याचा ऱ येतो आणि त्याला हलन्त जोडून ह लिहिला की अक्षर बरोबर उमटते. साधा र घेतला की रफारच होणार. वाऱ्यावर, तऱ्हा, दुसऱ्या असे कितीतरी शब्द आपल्याला रोज लागतात, म्हणून तेवढ्यासाठी तिनेही इनस्क्रिप्टवर जायला शिकून घेतले. वडिलांची दुसरी हरकत ल आणि श यांच्या हिंदी वळणाला होती. लिबरऑफिसमध्ये देवनागरी मजकुराची मूळ भाषा हिंदी धरलेली असते. पर्यायांच्या खिडकीत भाषांच्या विभागात "कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट" पुढे मराठी निवडली, तर ज्या फाँटांत दोन्ही वळणे दिलेली असतात ते आपोआप मराठी वळण दाखवतात. नोटो सान्स देवनागरीने ते दाखवले. वडिलांनी भिंग लावून खात्री करून घेतली आणि मगच मान डोलावली.

अर्धवट सुटलेली अडचण त्यांच्याच जुन्या फाइलींची आहे. शाळेचा स्मृतिअंक काढताना त्यांनी बरेच लेख त्या काळच्या एका बिगर-युनिकोड फाँटात, म्हणजे अक्षरांचे आजचे सर्वमान्य संकेत न वापरणाऱ्या फाँटात, टंकून ठेवले होते, आणि आता ते उघडले की इंग्रजी अक्षरे व चिन्हांची सरमिसळ दिसते. शेजाऱ्यांचे मत असे की लिनक्स घेतल्यामुळे मराठी बिघडली. तसे नाही. त्या फाइलींत देवनागरी कधी नव्हतीच. होती ती रोमन अक्षरेच, फक्त त्या विशिष्ट फाँटाने त्यांना देवनागरीचे रूप दिले होते, आणि तो फाँट नसेल तर विंडोजवरही तेच दिसते. रूपांतर करणारी साधने मिळतात, पण त्या फाँटांत पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकलेली असते आणि रफार अक्षरानंतर, तर युनिकोडमध्ये क्रम नेमका उलट असतो. त्यामुळे जोडाक्षर आले की वेलांटी किंवा रफार एखादे घर चुकते. साधा मजकूर बहुतेक सुधारून आला आहे. गुणवत्ता याद्यांचे तक्ते मात्र हाताने पुन्हा टंकावे लागत आहेत. ते काम वडील रोज दुपारी थोडे थोडे करतात.